आत्याबाईंच्या हातचं पाणी

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का हिनं?" तनुजा सिस्टरनं विचारलं आणि मी "नाही" म्हणाले.

विशाखानं माझ्याकडं पाहिलं. मग सिस्टरकडं वळून तीही म्हणाली, "नाही." तिच्या हनुवटीवर पाण्याचा एक थेंब तसाच होता. मी तो ओढणीनं पुसला. सिस्टरला वाटलं असेल, घाम पुसतेय. मे महिना होता, सगळेच घाम पुसत होते.

रिकामी बाटली माझ्या पिशवीत होती.

विशाखा माझी एकुलती एक, नऊ वर्षांची. दिवाळीपासून तिचं डोकं दुखायचं. चष्मा लावून पाहिला, मोबाईल बंद करून पाहिला. शेवटी बजाजनगरातल्या आमच्या डॉक्टरांनी सहज म्हणून तिचं बीपी घेतलं. मग पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला आणि परत घेतलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला ती सवयच आहे, माणूस बोलायच्या आधी त्याचा चेहरा वाचायची. इतक्या लहान मुलीला इतकं बीपी नसतं, असं ते नंतर म्हणाले. मला आधीच कळलं होतं.

तिथून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, डॉ. हिमानी मॅडमकडं. त्या किडनीच्या डॉक्टर. विशाखाच्या डाव्या किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी चिंचोळी झालीय, म्हणून ती किडनी आखडलीय आणि तिच्यामुळंच बीपी चढतंय, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कमी दाबानं पाणी येणारा नळ कसा असतो, ते आम्हाला कुणी समजावायची गरज नव्हती.

"आता दोनच रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "किडनीत जीव असेल तर फुगा घालून रक्तवाहिनी मोकळी करायची. जीव नसेल तर किडनी काढायची. बीपी खाली येईल आणि ती एका किडनीवर छान जगेल."

"पण जीव आहे का नाही, ते कसं कळणार?"

"तिच्यात ऑक्सिजन किती आहे आणि ती तो वापरते का, ते एमआरआयवर बघायचं. नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं. सुई टोचून तुकडा काढायचा नाही, काही नाही."

मग सूचना सांगितल्या. बीपीची एक गोळी त्या तपासणीसाठी आधीपासून बंद. रात्री जेवल्यानंतर काही खायचं नाही. सकाळी उठल्यापासून पाण्याचा घोटही नाही. मी बीएस्सी झालेली आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून त्यांचा जीव खाते, असं इंद्रजीत म्हणतो. पण पाणी का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. मशीनमध्ये उलटी होऊ नये म्हणून, दुसरं काय!

आदल्या संध्याकाळी घरी परित्राणपाठ झाला. तो माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी ठेवलेला. पांढरं कापड अंथरून त्यावर बुद्धमूर्ती, पुढं पाण्याचा कलश, आणि कलशातून निघालेला पांढरा धागा गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या हातांतून फिरत विशाखाच्या हातापर्यंत आलेला. मीही धागा धरला होता, पण मनात हसत. लग्न झालं त्या वर्षीच मी आत्याबाईंना म्हणाले होते, "पाठानं पाण्यात काय बदलतं? पाणी म्हणजे एच टू ओ." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मंग तू तुझं ते एचटूओ पी बाई, माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." आमचं असंच चालायचं.

सकाळी निघताना त्यांनी कलशातलं पाणी विशाखाच्या शाळेच्या बाटलीत भरलं, झाकण दोनदा आवळलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं.

"तपासणी झाली की पाज पोरीला. आधी नगं. डागदरनं नगं म्हणलंय."

"हो."

"इसरू नको, लई तहानंल ती."

मी काहीच विसरले नाही. तेच तर आहे.

हॉस्पिटलात पोचलो तर अपघाताची केस आलेली, मशीन अडकलेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. डोक्यावरचा पंखा नुसताच आवाज करत होता. विशाखानं एकदा पाणी मागितलं, मी नाही म्हणाले. परत मागितलं, परत नाही म्हणाले. मग तिनं मागणंच सोडलं आणि समोरच्या बाकावरच्या एका बाईच्या बाटलीकडं बघत बसली. त्या बघण्यानं माझा धीर सुटला. कितीतरी महिने मी या पोरीला नाहीच म्हणत होते. लोणचं नाही, पापड नाही, पळायचं नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाला वेफर्स नाहीत.

"एकच घोट," मी म्हणाले आणि बाटली काढली.

तिनं तोंडाला लावली ती शेवटच्या थेंबापर्यंत. मला थांबवता आलं असतं. हात पुढं करायचा होता फक्त. पण मी तिच्या गळ्याची हालचाल बघत राहिले. शिवाय, आता लिहितेच आहे तर हेही लिहिते: ते साधं पाणी नव्हतं, असं त्या क्षणी मला वाटलं. झालाच गुण तर होऊ दे की! मलाच, एच टू ओ म्हणणारीला.

आणि तेवढ्यात सिस्टर आली.

विशाखा आत गेली. मला मॅडमनी काचेच्या अलीकडं, मशीन चालवणाऱ्या मंदारच्या मागं बसू दिलं. मंदार माइकवर तिच्याशी बोलायचा. "विशाखा, श्वास सोड. आता धरून ठेव. हलायचं नाही. शाब्बास. घे श्वास." तो सांगेल तसं ती करत होती. आम्ही घरी त्याची तालीम केली होती. आजी आकडे मोजायची आणि नात गाल फुगवून बसायची.

"ताई, आता दिसेल बघा," मॅडम म्हणाल्या. "लाल दिसलं तर घाबरू नका. लाल म्हणजे ऑक्सिजन कमी. पण किडनीचा आतला भाग तसाच असतो. तो इतका राबतो की आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो. मग आपण लघवी होण्याचं इंजेक्शन देणार. त्यानं त्या भागाचं काम थांबतं, ऑक्सिजन शिल्लक राहतो, लालाचं निळं होतं. रंग बदलला म्हणजे तिथं कुणीतरी काम करत होतं. जीव आहे."

"आणि नाही बदलला तर?"

"मेलेला भाग ऑक्सिजन खातच नाही. तो आधीपासूनच निळा असतो, आणि इंजेक्शननंतरही तसाच राहतो."

पडद्यावर चित्र उमटलं. दोन किडन्या, एक मोठी, एक छोटी. छोटी जवळजवळ सगळी निळसर होती.

मॅडम पुढं वाकल्या. "मंदार, उजवीसुद्धा आत लाल नाहीये. ती तर चांगली आहे."

"पोटभर पाणी प्यायल्यावर येतं असं," मंदार म्हणाला. "पाण्यानं आतल्या भागाचं काम हलकं होतं ना. पण ही नाही प्यायलेली. सिस्टरनी विचारलंय."

"मग उजवीतही काहीतरी आहे का?" मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "डावी तर गेल्यासारखीच दिसतेय. इंजेक्शन देऊन बघू, पण मला नाही वाटत फार हलेल."

उलटीबिलटीचं काही नव्हतं. पाणीच चित्र बदलत होतं. माझ्यासमोर मॅडम आणि मंदार एक किडनी मेली म्हणून आणि दुसरी आजारी म्हणून वाचत होते, आणि ते वाचत होते माझा शब्द. सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन दारातून आत निघाली होती.

माइकमधून विशाखाचा आवाज आला. "काका, मी श्वास नीट धरला ना?"

"थांबा," मी म्हणाले. "मॅडम, ती पाणी प्यायलीय."

मंदारचा हात थांबला.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"बाटलीभर. आत यायच्या जरा आधी."

"मग सिस्टरना नाही कसं सांगितलंत?"

खरं बोलायची ती वेळ होती. मी तोंडही उघडलं. आणि म्हणाले, "तिच्या आजीनं दिलं होतं हो. पाठाचं पाणी. म्हातारं माणूस, मन मोडवत नाही..."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दिलं त्यांनीच होतं. फक्त "तपासणी झाली की" एवढं मी गिळलं.

खोलीतला ताण एकदम सैल झाला. "आज्ज्या!" मंदार म्हणाला. "माझी आजी तर ऑपरेशनला निघालेल्या माणसाला साबुदाणा खाऊ घालेल, उपासाचं चालतं म्हणून." सिस्टर हसली. मीही हसले. कशी हसले कोण जाणे.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "ताई, आज इंजेक्शननंतर काही हललं नसतं तर मी सर्जनला किडनी काढायला सांगितलं असतं. तुमच्या एका शब्दावर. घरी समजावून सांगा आजींना."

तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली. तोपर्यंत ती गोळी बंदच ठेवायची होती. रोज बीपी बघायचं, फार चढलं तर तपासणी सोडून सरळ भरती. म्हणजे माझ्या एका घोटाची किंमत पोरगी डोकं धरून चुकवणार होती.

घरी इंद्रजीत कंपनीतून आला तो चिडलेलाच. फोनवर मी त्याला तेवढंच सांगितलं होतं, जेवढं मॅडमना.

"आई, तुला शंभरदा सांगितलं होतं, पाणी द्यायचं नाही!"

"म्या तपासणी झाल्यावर पाज म्हणलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं पाहिलं. मी ओट्याशी ती बाटली घासत होते. घासलेलीच परत घासत होते.

"मग काय, पोरगी आपल्या हातानं काढून प्यायली?"

तो विशाखाकडं वळला. ती कॉटवर डोक्याला ओला रुमाल लावून पडली होती. ती उठून बसली. तिचा चेहरा मला सहन होईना, आणि तरीही मी बोलले नाही. बोलल्या त्या आत्याबाईच.

"पोरीवर कामून वराडतो? मीच म्हणलं असंल घे घोटभर. ध्यानात नाय ऱ्हात आता."

नातच चोरून प्यायली, असं त्यांना वाटलं होतं. तिला वाचवायला त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मी बाटली पालथी घातली.

"बस्स," इंद्रजीत म्हणाला. "आता तपासणी होईपर्यंत तू हिला पाणीसुद्धा द्यायचं नाही. तुझ्या हातचं पाणी नको."

आत्याबाईंनी पदर सारखा केला.

त्यांनी ते अक्षरशः पाळलं. विशाखाचं डोकं ठणकायला लागलं की ती आजीच्या मांडीवर जायची. आजी कपाळ दाबायची, पण "आजी, पाणी" म्हणाली की हात थांबायचे. "आईला माग." मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि पेला घेऊन यायची. आजी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची. एकदा शेजारच्या दगडाबाई आल्या, उन्हातून आलेल्या, घसा कोरडा. "भामाबाई, पाणी द्या हो आधी." माठ आत्याबाईंच्या हाताशी होता. त्यांनी आत हाक मारली, "रूपाली, पाव्हण्यांना पाणी दे."

दगडाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू सासूला माठालाही हात लावू देत नाही ही. मी पेला दिला. त्यातलं थोडं सांडलं.

रोज ठरवायची, आज सांगते. सकाळी वाटायचं, इंद्रजीत कामावरून आला की. तो आला की वाटायचं, दमलाय. बीपी जरा कमी आलं की वाटायचं, झालं, आता कशाला उकरायचं. जास्त आलं की वाटायचं, आत्ता नको. शिकलेल्या माणसाला कारणं चांगली सुचतात.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी इंद्रजीतनं रजा टाकली. "मीच येतो. आईचा काही नेम नाही, परत काहीतरी पिशवीत घालील." त्यानं खरंच माझी पिशवी उपडी केली. रुमाल, फाईल, बिस्किटाचा पुडा. आत्याबाई उंबऱ्याजवळ उभ्या होत्या. त्या मागं सरकल्या, आपली सावलीसुद्धा पिशवीवर पडू नये तशा.

विशाखा म्हणाली, "पप्पा, आजीनं ना..."

तिच्या आधी मी बोलले, एवढंच. ते काही माझं धाडस नव्हतं.

"पाणी मी पाजलं. आत्याबाईंनी बजावलं होतं, नंतर पाज. मीच आधी पाजलं. आणि तिथं जाऊन खोटं बोलले, आणि इथंही."

इंद्रजीत हातात फाईल धरून उभा राहिला. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो खालीच बसला, चपला घालायच्या जागी, आणि आईकडं बघायचं सोडून फरशीकडं बघू लागला.

आत्याबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. काय काय वाटतं माणसाला.

"माझ्या सासूच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आडावर लांब उभं ऱ्हायाची ती. वरून कुणी वतलं तर प्यायाची. तिनं मला सांगितलं, भामा, तुझ्यावर ती येळ येणार न्हाई. न्हाई आली. गावानं न्हाई आणली. माझ्या घरात माझ्या पोरानं आणली, आन् तू भांडी घासत बघत बसली."

"आत्याबाई, मी..."

"तुझं ऱ्हाऊ दे. पोरीला उशीर व्हतोय." त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. "म्या येणार हाय आज."

बसमध्ये त्या विशाखाजवळ बसल्या, मी मागं. इंद्रजीत उभा. छावणीचा स्टॉप मागं पडला. मग विशाखानं श्वास धरायची तालीम काढली आणि आजी मोजू लागली, आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

"सकाळपासून काही प्यायली?" तनुजा सिस्टरनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"खरंच नाही," विशाखा म्हणाली. "या वेळी खरंच."

सिस्टर हसली. मी नाही हसू शकले. आत जायच्या आधी मी हिमानी मॅडमना गाठून सगळं सांगितलं, आजी कुठवर आणि मी कुठून, ते. त्यांनी ऐकून घेतलं. "आधी चित्र बघू," म्हणाल्या, आणि इंद्रजीतला आणि मला दार उघडून धरलं.

या वेळी उजवी किडनी आतून लाल होती, मंदारच्या म्हणण्याप्रमाणं असावी तशी. डावीही लाल होती. वरचा तुकडा सोडून बाकी सगळी लालच लाल. इतका वेळ त्या लालाची मी देवाकडं मागणी करावी तशी वाट बघितली होती, आणि आता ते समोर होतं. इंजेक्शन गेलं. विशाखा श्वास धरत होती, सोडत होती. आम्ही थांबलो.

मग दुसरं चित्र आलं. डावीचा वरचा तुकडा होता तसाच निळा. तिथं आधीही कुणी नव्हतं, आताही नाही. पण खाली, कडेनं, लालाचं पिवळं झालं होतं, पिवळ्याचं हिरवं, आणि एका जागी हिरव्याचं निळं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळी नाही. पण आहे. मोकळी करू आपण रक्तवाहिनी."

मी काचेवर हात ठेवला. राबणारं लाल दिसतं, मेलेलं नाही. मागच्या वेळी मी बोलले नसते तर हा राबणारा भाग काढून ट्रेमध्ये ठेवला असता त्यांनी, आणि मी घरी येऊन म्हटलं असतं, नशीब. तेही मला शोभलं असतं. आणि तो वरचा निळा तुकडा? तो कधी गेला? दिवाळीच्या आधी? की या वाढलेल्या आठवड्यात? मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एका आठवड्यात असं होत नाही, ताई. तो जुनाच असणार." मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. तो चेहरा मला नीट वाचता आला नाही.

बाहेर आलो तेव्हा आत्याबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर विशाखाची शाळेची बाटली घेऊन. घरून भरून आणली असणार, पिशवीत नाही, पदराखाली. इंद्रजीतनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानं आईला सगळं सांगितलं, किडनीत जीव आहे, फुगा घालायचाय, काढायची नाही. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले आणि क्षणभर हात जोडले.

विशाखा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आजी, पाणी."

आत्याबाईंनी झाकणाला हात लावला आणि थांबल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "इचार तुझ्या आईला. चालतंय का आता."

विशाखा वळली.

"चालतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी परत म्हणाले, "चालतं, आत्याबाई. द्या तुम्ही."

त्यांनी झाकण उघडलं. पोरीनं बाटली तोंडाला लावली. आत्याबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होत्या, "हळू, हळू, कुनी न्हेत न्हाई तुझं," आणि मी उभी राहून तिच्या गळ्याची हालचाल बघत होते, त्या दिवशीसारखीच.

थोडं पाणी उरलं. विशाखानं बाटली माझ्यापुढं धरली. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.